न्याहारी कोणाच्या नावे?



सुट्ट्या संपल्या की आपल्या समाजातील अनेक घरांत परदेशी सहलींची छायाचित्रे फिरू लागतात. नातवंडे बरोबर असली, तर त्या छायाचित्रांत डिस्नेच्या एखाद्या उद्यानातील किल्ला असतोच. आपण तेथे आयुष्यात एकदा, फार तर दोनदा जातो. त्यामुळे आपल्या लक्षात राहतात ते उंच पाळणे, आतषबाजी आणि रांगा. अमेरिकेतील ज्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या तेथे वारंवार जात आल्या, त्यांच्या आठवणींचा क्रम मात्र निराळा आहे. लहानपणीच्या डिस्नेलँडविषयी बोलताना त्यांपैकी अनेक जण सकाळच्या न्याहारीपासून सुरुवात करतात. कोणत्या उपाहारगृहात बसलो, ताटलीत काय आले, कोणी वाढले, हे त्यांना कित्येक वर्षांनंतरही सांगता येते. या महिन्याच्या सदरात त्या न्याहारीचे खाते उघडून पाहावे, असा विचार आहे. या खात्याची जमेची बाजू गोड आहे. नावेची बाजू वाचणे थोडे जड जाईल. पण तीही वाचल्याशिवाय ताळा जमत नाही, हे व्यापारी घरांतील वाचकांना मी सांगायला नको.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. त्याच वर्षी तेथील फ्रंटियरलँड या विभागात, कृत्रिम नदीच्या काठी, पॅनकेकचे एक उपाहारगृह सुरू झाले. पॅनकेक हा दिसायला आपल्या जाडसर धिरड्यासारखा पदार्थ. त्यावर लोणी आणि गोड पाक घालून तो खातात. रूढ कृतीत अंडे पडत असल्यामुळे आपल्या घरांत त्याला प्रवेश नाही. परंतु अमेरिकन घरातील रविवारच्या सकाळी त्याला जो मान आहे, तो आपल्याकडील गरम पोह्यांच्या किंवा फाफडा-जिलेबीच्या मानाहून कमी नाही. उद्यानात तो मिकी माउसच्या तोंडवळ्याचा मिळे. एक मोठे वर्तुळ, त्यावर दोन लहान वर्तुळांचे कान आणि फळांच्या फोडींनी रेखलेले नाक-डोळे. स्वतः वॉल्ट डिस्ने रविवारी सकाळी या उपाहारगृहात न्याहारीला येत, अशी आठवण आजही सांगितली जाते.

पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. तेथील पॉलिनेशियन व्हिलेज या हॉटेलातील ‘टोंगा टोस्ट’ असाच पिढ्यानुपिढ्या आठवला जाणारा पदार्थ आहे. आंबवलेल्या पावाच्या जाड तुकड्यात केळे भरायचे, तो तळायचा आणि साखर-दालचिनीत घोळवायचा, एवढीच त्याची कृती. मग मिकी, गूफी अशी पात्रे टेबलापाशी येऊन मुलांशी हस्तांदोलन करतात, अशा न्याहाऱ्याही रूढ झाल्या. यांतील एकही पदार्थ पाककलेचे शिखर म्हणावा असा नाही. तरीही तो स्मरणात राहतो, याचे कारण न्याहारीच्या वेळेत आहे. त्या वेळी कोणी थकलेले नसते, कोणी रांगेत ताटकळलेले नसते, खिशातील पैसे अद्याप संपलेले नसतात आणि कामाच्या दिवसांत एका वेळी न जेवणारे वडील त्या सकाळी समोर निवांत बसलेले असतात. दिवसभराचा आनंद अजून यायचा आहे, हाच त्या घासाचा खरा स्वाद.

या गोष्टीचे मोल खुद्द कंपनीच्या हिशेबनिसांनाही एकदा उमगले नव्हते. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळ डिस्नेचे उद्यान उघडले. युरोपातील लोक सकाळी फारसे खात नाहीत, असा सल्ला मिळाल्यावरून तेथील हॉटेलांची भोजनगृहे न्याहारीच्या दृष्टीने लहान ठेवण्यात आली. प्रत्यक्षात सगळेच पाहुणे न्याहारीला हजर झाले आणि काही ठिकाणी ३५० खुर्च्यांच्या जागेत २,५०० जणांना खाऊ घालण्याची वेळ आली. घरी सकाळी कोण काय खातो, यावरून सहलीला आलेला माणूस काय मागेल हे ठरत नाही. पहिल्या काही वर्षांतील त्या उद्यानाच्या मोठ्या आर्थिक अडचणींना इतर अनेक कारणे होती; पण ग्राहकाच्या सकाळचा अंदाज चुकणे हे त्या अडचणींचे एक लहानसे लक्षण होते, असे म्हणता येईल.

इथपर्यंत जमेची बाजू झाली. आता फ्रंटियरलँडमधील त्या पहिल्या उपाहारगृहाच्या पाटीकडे पाहू. त्या पाटीवर डिस्नेचे नाव नव्हते, तेथे राबणाऱ्या एकाही स्वयंपाक्याचे नव्हते. पाटीवर होते ‘आंट जेमायमा’. हे क्वेकर ओट्स या कंपनीच्या पॅनकेकच्या तयार पिठाचे व्यापारचिन्ह. डोक्याला रुमाल बांधलेली, हसतमुख, स्थूल, कृष्णवर्णीय स्त्री त्या चिन्हावर असे.

हे पीठ १८८९ साली मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी दोन गोऱ्या व्यावसायिकांनी बाजारात आणले. त्यांची गिरणी होती पर्ल मिलिंग कंपनी. घरी माप न मोजता पॅनकेक करता यावेत, असे मिसळून ठेवलेले पीठ तेव्हा नवीनच होते. इडलीचे किंवा ढोकळ्याचे तयार पीठ विकणाऱ्यांना त्या कल्पनेचे महत्त्व चटकन कळेल. पण पीठ हे शेवटी पीठच. दुसराही ते विकू शकतो. म्हणून नाव हवे होते. ते नाव त्यांनी रंगमंचावरील एका गाण्यातून उचलले. त्या काळी गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे कार्यक्रम करीत आणि त्या कार्यक्रमांत ही ‘आंट जेमायमा’ लोकप्रिय होती. गुलामगिरी कायद्याने संपून पंचवीस वर्षेही झाली नव्हती. ज्या मध्यमवर्गीय गृहिणीला स्वयंपाकीण ठेवणे परवडत नव्हते, तिला या डब्याबरोबर एका हसऱ्या, कधीही न थकणाऱ्या, वेतन न मागणाऱ्या स्वयंपाकिणीचा आभास मिळत होता. माल पिठाचा होता. विकली जात होती ती चाकरी.

पुढे गिरणीची मालकी बदलली आणि नव्या मालकाने या चित्राला देह मिळवून दिला. नॅन्सी ग्रीन ही केंटकी राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली स्त्री. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात तिला आंट जेमायमा म्हणून उभे करण्यात आले. ती पॅनकेक भाजी, लोकांना वाढी आणि जुन्या दक्षिणेतील मळ्यांवरचे दिवस किती सुखाचे होते, अशा गोष्टी सांगे. मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या पिढीतील स्त्रीच्या तोंडून त्या गुलामीचे गोडवे वदवून घेतले जात होते.

शिकागो आणि १८९३ हे शब्द वाचताच आपल्या वाचकांना दुसरे एक नाव आठवले असेल. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी आचार्य आत्मारामजी महाराजांच्या वतीने जैन दर्शन जगापुढे मांडले. एकाच शहरात, एकाच वर्षी, काठियावाडी पगडी घातलेला एक तरुण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या परंपरेविषयी बोलत होता. आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक स्त्री दुसऱ्याने दिलेल्या नावाने, दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टी सांगत होती. आपण त्या परिषदेचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. त्याच गर्दीत ही स्त्रीही होती, याची नोंद आपल्या वहीत असायला हरकत नाही. आणखी एक दुवा असा, की वॉल्ट डिस्ने यांचे वडील इलायस डिस्ने यांनी त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर सुतारकाम केले होते. बासष्ट वर्षांनी मुलाने उद्यान उभारले, तेव्हा प्रदर्शनातील ती काल्पनिक स्वयंपाकीण तेथेही येऊन पोहोचली.

या नावातील पहिला शब्द विचार करण्यासारखा आहे. ‘आंट’ म्हणजे मावशी किंवा काकू. दक्षिणेतील गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीय स्त्रीला असे हाक मारीत, तेव्हा ती आपुलकी वाटे. व्यवहारात मात्र त्या हाकेमुळे तिच्या नावामागे ‘श्रीमती’ लावणे टळत होते आणि आडनाव विचारण्याचे कारणच उरत नव्हते. आपल्याकडेही कार्यालयात चहा देणाऱ्या, रुग्णालयात अंथरुणे बदलणाऱ्या, घरी भांडी घासणाऱ्या स्त्रीला आपण ‘मावशी’ म्हणतो. दोन देशांचा इतिहास निराळा आहे आणि आपल्या हाकेत पुष्कळदा खरा जिव्हाळा असतो, हे मी जाणतो. बँकेच्या नोकरीत मी अनेक शाखा पाहिल्या. वेतनपत्रकावर मावशींचे पूर्ण नाव आणि सही असे. त्या पत्रकाबाहेर ते नाव फारसे कोणाच्या तोंडी नसे. नाते जोडणारा शब्दच नाव पुसूनही टाकू शकतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डिस्नेलँडमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही भूमिका एलीन लुईस यांच्याकडे आली. १९६४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या तेथे होत्या. पाहुण्यांना पॅनकेक वाढणे, मुलांबरोबर छायाचित्रे काढून घेणे, हसत राहणे हे त्यांचे काम. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये डिस्नेलँडला भेट दिली होती. लुईस यांनी ज्या मान्यवरांना पॅनकेक वाढले, त्यांत पंडितजींचेही नाव घेतले जाते. त्या काळात तेथे गेलेली जी मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या न्याहारीच्या आठवणीत ही प्रेमळ स्त्री आहे. त्यांना विचारले तर ते म्हणतील, ‘आंट जेमायमांनी मला वाढले.’ एलीन लुईस यांनी वाढले, असे म्हणणारा विरळाच.

मग त्या मुलांची आठवण खोटी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. सात वर्षांच्या मुलाने त्या सकाळी अनुभवलेला आनंद खरा होता आणि तो त्याच्या खात्यावर जमाच राहील. परंतु द्विनोंदी पद्धतीत एका खात्यावर जमा पडले, की दुसऱ्या कोणाच्या तरी नावे ते टाकावेच लागते. ज्या स्त्रीच्या परिश्रमातून आणि सक्तीच्या हास्यातून तो आनंद आला, तिचे पान कोरे ठेवून ताळेबंद पुरा होत नाही.

अमेरिकेत हे पान दुरुस्त करण्याचे प्रयत्न दोन प्रकारांनी झाले. पहिला प्रकार पाटी उतरवण्याचा. उद्यानातील क्वेकरचे पर्व १९७० च्या सुमारास संपले आणि १९७१ पासून त्या जागेला ‘रिव्हर बेल टेरेस’ हे नाव मिळाले. पॅनकेक राहिले, मिकीचे कान राहिले, स्वयंपाकीण गेली. पिठाच्या डब्यावरील नाव मात्र पुढेही पन्नास वर्षे टिकले. जून २०२० मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध देशभर आंदोलन उसळले असताना, या चिन्हाचे मूळ वांशिक पूर्वग्रहात असल्याचे मान्य करून कंपनीने ते मागे घेण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये त्याच पिठाला जुन्या गिरणीचे, म्हणजे पर्ल मिलिंग कंपनीचे नाव देण्यात आले.

येथे सर्वांनी समाधान मानले असते, तर हा विषय सोपा झाला असता. पण ही भूमिका केलेल्या काही स्त्रियांच्या वारसांनी या निर्णयावर आक्षेप घेतला. आमच्या आजी-पणजीने आयुष्य वेचून हे काम केले. चिन्ह पुसले की तिचे कामही पुसले जाईल, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी २०१४ मध्ये ॲना शॉर्ट हॅरिंग्टन यांच्या वंशजांनी मानधनाच्या थकबाकीसाठी कंपनीवर दावा लावला होता. न्यायालयाने तो पुढे फेटाळला. वारसांची ही बाजू मला महत्त्वाची वाटते. चुकीची नोंद सापडली म्हणून वहीचे पान फाडणे हे हिशेबाच्या नीतीत बसत नाही. चुकीची नोंद लाल शाईने रद्द करावी, शेजारी बरोबर नोंद लिहावी आणि दोन्ही पुढच्या तपासनिसाला दिसू द्याव्यात.

दुसरा प्रकार तसाच घडला. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या अपघातात मरण पावली. तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. ज्या चेहऱ्यावर लक्षावधी डबे खपले, त्या चेहऱ्याची स्त्री निनावी निजली होती. स्थानिक इतिहासप्रेमींनी प्रयत्न करून २०२० मध्ये तेथे तिच्या नावाचा दगड बसवला, सत्त्याण्णव वर्षांनी. आपल्या बँकांत दहा वर्षे व्यवहार न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. तरीही खातेदार किंवा वारस जेव्हा येईल, तेव्हा ती द्यावीच लागते. देणे जुने झाले म्हणून फिटत नाही.

डिस्नेलँडमध्येच याच्या उलट उदाहरणही आहे. ऑस्कर मार्टिनेझ हे डिसेंबर १९५६ मध्ये तेथे खरकटी भांडी उचलणारे पोरसवदा नोकर म्हणून लागले. पुढे ते स्वयंपाकी झाले. मुख्य रस्त्यावरील कार्नेशन कॅफेत त्यांनी इतकी वर्षे सकाळ सांभाळली, की २०१६ मध्ये त्यांच्या सेवेला साठ वर्षे पुरी झाली. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ते टेबलाटेबलाशी चौकशी करीत. तेथील खाद्यपत्रकावर ‘ऑस्कर्स चॉइस’ नावाची न्याहारी आहे. ती साधी, अंडी-बटाट्यांची न्याहारी. तिच्यात नावीन्य काहीच नाही. तरीही त्यांच्या हातचे खाण्यासाठी आणि त्यांना भेटण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येत. येथे आठवणीवरचे नाव आणि राबणाऱ्याचे नाव एकच होते. अर्थात नाव दिल्याने वेतनाचा प्रश्न सुटत नाही, हेही लिहिले पाहिजे. शहराकडून सवलती घेणाऱ्या मोठ्या आस्थापनांनी किमान वेतन वाढवावे, असा कौल ॲनाहाइमच्या मतदारांनी २०१८ मध्ये दिला. तो डिस्नेलाही लागू आहे, हे ठरवून घ्यायला कामगारांना २०२३ पर्यंत न्यायालयात झगडावे लागले. सन्मान आणि पगार ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील शिल्लक दाखवून दुसऱ्यातील देणे टाळता येत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. परदेशी सहलींवर जाणाऱ्या जैन गटांबरोबर बहुधा स्वयंपाकी जातो. कंदमुळे वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य, नवकारशी पाळणाऱ्यांसाठी वेळेचे भान, एवढे सांभाळून ओरलँडोच्या हॉटेलात सकाळी गरम उपमा आणि चहा, तर बसमध्ये ठेपले आणि खाकरे मिळतात, ते त्याच्यामुळे. आपल्या नातवंडांना तीस वर्षांनी डिस्नेची जी न्याहारी आठवेल, ती मिकीच्या कानांची नसेल; हाच उपमा असेल. त्या वेळी ‘उपमा कोणी केला होता?’ असे कोणी विचारले, तर उत्तर येईल, ‘महाराजांनी.’ आपण साधूंनाही महाराज म्हणतो आणि स्वयंपाक्यालाही. शब्दात मान भरपूर आहे, पण त्याचे नाव, त्याचे गाव, परदेशातील पंधरा दिवसांत पहाटे तीनला कोण उठत होते, हे त्या शब्दात नाही.

हीच गोष्ट पेढीवरही घडते. दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव असते आणि ते असायलाच हवे. भांडवल आणि जोखीम त्यांची होती. पण जुन्या ग्राहकांच्या आठवणीत त्या दुकानाची जी चव, जो तराजूचा विश्वास, जी पुडी बांधण्याची हातोटी असते, ती मुनीमजी, हमाल, तोलारी आणि महाराज यांचीही असते. पेढीला पन्नास किंवा पंच्याहत्तर वर्षे पुरी झाली, की आपण सुबक स्मरणिका छापतो. तिच्यात कुटुंबाचा वंशवृक्ष येतो, मान्यवरांचे शुभसंदेश येतात, जुन्या इमारतीचे छायाचित्र येते. त्या छायाचित्राच्या कडेला उभी असलेली दोन-चार माणसे बहुतेक वेळा ‘कर्मचारी वृंद’ या दोन शब्दांत उरकलेली असतात.

अशी स्मरणिका ज्यांच्या घरी निघणार असेल, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. छापखान्यात मजकूर देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी ते छायाचित्र घेऊन बसावे आणि कडेच्या माणसांची नावे विचारून घ्यावीत. आजी-आजोबांना ती अजून आठवत असतील. विलंब झाला, तर मात्र सांगणारे कोणी उरणार नाही. आणि यंदाच्या सहलीला निघताना, पहिल्या सकाळी उपमा वाढून घेताना, नातवंडांकडून महाराजांना त्यांचे पूर्ण नाव विचारवून ते वहीत लिहून घ्यावे. मुलांच्या वहीत डिस्नेच्या पात्रांच्या स्वाक्षऱ्या असतातच. त्यांच्या शेजारी ही स्वाक्षरीही शोभून दिसेल.